आमच्या गल्लीची सावली परत आणतोय (सहकारनगर, पुणे) – अनुभव आणि काही प्रश्न

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुण्यात सहकारनगरला राहते. गल्ली जुन्या बंगल्यांची, एका टोकाला तळजईचा चढ आणि दुसरीकडे उतरत गेलं की आंबील ओढा. गेल्या दहा-बारा वर्षांत गल्लीतली मोठी झाडं एकेक करत गेली. काही रिडेव्हलपमेंटमध्ये, काही रस्त्याच्या कामात मुळं तुटली म्हणून पुढच्या वळवाच्या पावसात आडवी झाली, आणि ओढ्याकडची २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला तेव्हा काठासकट गेली. पण कोपऱ्यावरचा रेन ट्री पडला तेव्हा सगळ्यांनाच जाणवलं, कारण त्याच्याखाली इस्त्रीवाल्या दादांची गाडी, दोन-तीन रिक्षा, भाजीची हातगाडी, शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं असं सगळं चालायचं. आता मे महिन्यात दुपारी बाराला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं तर सलग दहा पावलं सावली मिळत नाही.

आम्ही वृक्षारोपण केलेलं नाही हे आधीच सांगते. ५ जूनला झाडं लावून जाणारे आमच्याकडे दरवर्षी येतात, फोटो होतात, ट्रीगार्डवर पाटी लागते आणि पुढच्या मार्चपर्यंत आत वाळकी काडी उरते. म्हणून या वेळी आम्ही पाच-सहा जणींनी आणि दोन काकांनी ठरवलं की एकही रोप आणायच्या आधी घरोघरी जायचं आणि फक्त विचारायचं. तुमच्या फाटकासमोर झाड हवंय का, हवं तर कुठलं, नको तर का नको.

"नको" म्हणणारे बरेच निघाले, आणि त्यांची कारणं ऐकायला आम्ही गेलो हे फार बरं झालं. एका काकांच्या गाडीवर गुलमोहराची फांदी पडली होती आणि त्या दिवसापासून त्यांना घरासमोर झाडच नको. एका घरात उंबराची मुळं ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरली होती, तीन वेळा फोडाफोडी झाली. एका घरात दम्याचा पेशंट, त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सातवीण फुलली की घराच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. एका बाईंनी सांगितलं की दिव्याच्या खांबासमोर झाड वाढलं की फाटकात मिट्ट काळोख होतो आणि माझी मुलगी सेकंड शिफ्ट करून रात्री घरी येते. आणि एक काकू एकट्याच राहतात, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्या म्हणाल्या "अगं सावली कोणाला नकोय, पण रोज पाला झाडायचा कोणी, माझी कंबर वाकत नाही."

यातलं कोणीही झाडांच्या विरोधात नाही. प्रत्येकाला एका ठरावीक झाडाने, चुकीच्या जागी लावलेल्या झाडाने, त्रास दिलाय आणि तेव्हा त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. एवढं कळल्यावर बोलणं सोपं झालं. दिव्याच्या खांबापासून जागा सरकवली. चेंबरजवळ वड-पिंपळ-उंबर लावणार नाही असं लिहून दिलं. दम्याच्या घराजवळ सातवीण नाही. त्या काकूंना विचारलं की पाल्याचं आम्ही बघितलं तर कुठलं झाड आवडेल, तर लगेच म्हणाल्या बकुळ. माहेरी अंगणात होती म्हणे. बकुळ हळू वाढते पण बारमाही हिरवी, पानगळ एकदम होत नाही, फाटकासमोर छानच.

इस्त्रीवाले दादा आमच्या यादीतच नव्हते, कारण त्यांचं गल्लीत घर नाही. पण दिवसभर उभे तेच असतात, सगळ्यात जास्त ऊन त्यांना लागतं. त्यांना विचारलं तर म्हणाले करंज लावा, मे महिन्यात भरलेला असतो. अगदी खरं आहे. आणि स्वतःहून म्हणाले पाणी मी घालीन.

आता माझे प्रश्न. एक, गल्लीत एक जुना करंज अजून उभा आहे पण त्याच्या बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलंय, काय करावं. दोन, विजेच्या तारांखाली काय लावावं. तीन, पहिल्या तीन उन्हाळ्यांचं पाण्याचं नियोजन तुमच्याकडे कोणी नीट जमवलंय का. आणि जे काही अनुभव असतील ते लिहा प्लीज.

मंडईवाला

वाचनखूण साठवली. फार चांगला उपक्रम, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आधी विचारायचं हे आमच्या सोसायटीत कोणालाच सुचलं नाही, आमच्याकडे डायरेक्ट खड्डेच खणले होते.

निंबोळी

ताई, आधी तो करंज वाचवा, नवीन खड्डे नंतर. नवं रोप नीट सावली द्यायला दहा वर्षं तरी घेणार, हा करंज आज देतोय.

झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि ताटासारखी आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. सोटमूळ खोल गेलंय म्हणून झाड उभं आहे ही समजूत शहरातल्या झाडांना बहुतेक वेळा लागू नसते. वरून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसवला की खाली पाणी नाही आणि हवा पण नाही, मुळं गुदमरतात, झाड वरून हिरवं दिसतं पण खालून धरलेलं नसतं. मग एका वळवात पडतं आणि लोक म्हणतात जुनं झालं होतं.

काँक्रीट काढताना ब्रेकर बिलकुल लावू देऊ नका, मुळं फाटतात. छिन्नी-हातोडीने बुंध्याकडून बाहेरच्या दिशेला तुकडे काढा, निदान तीन-साडेतीन फुटांची मोकळी चकती मिळाली पाहिजे सगळ्या बाजूंनी. खालची माती दाबून कडक झालेली असेल, ती खणू नका. पहार घेऊन फूट-दीड फूट अंतरावर भोकं पाडा, मोठं मूळ लागलं की तिथून सरकायचं, त्या भोकांत कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू भरा, वर वाळलेल्या पाल्याचा चार बोटं थर. पण पाला बुंध्याला टेकवायचा नाही, साल कुजते. कित्येक जण हौसेने बुंध्याला मातीचा ढीग करतात किंवा पार बांधून आत माती भरतात, त्यानेही तेच होतं.

उखडलेलं मूळ दिसलं तर धारदार करवतीने सरळ काप घ्या, चिरफाळलेलं ठेवू नका. हे काम पावसाच्या तोंडावर करा म्हणजे मुळं लगेच सावरतात.

आणि हो, आधी रस्ते विभागाला आणि उद्यान विभागाला लेखी कळवा. न कळवता रस्ता फोडलात तर तुमच्यावरच यायचं.

नियमावली

वरच्या शेवटच्या ओळीला अनुमोदन. थोडं कायद्याचं लिहितो कारण पुढे लागणार.

मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यानुसार प्रत्येक महापालिका-नगरपालिकेला वृक्ष प्राधिकरण असतं, आणि झाड तुमच्या स्वतःच्या आवारात असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. हे अजूनही निम्म्या लोकांना माहीत नसतं. तोडायचा अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते, त्यावर हरकत घ्यायला ७ दिवस असतात. हे ७ दिवसच तुमच्या हातात असतात, म्हणून गल्लीतल्या कोणीतरी एकाने रोज फिरायला जाताना झाडांवर कागद लागलाय का हे बघायचं ठरवून ठेवा. कागद दिसला की फोटो, तारीख, झाडाचा घेर.

२०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं. आणि एखादं झाड तोडायची परवानगी दिली तर त्याचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. तुमच्याकडे रिडेव्हलपमेंट सुरू असेल तर बिल्डरच्या अर्जात झाडाचं वय किती लिहिलंय ते जरूर बघा, कारण सगळा हिशोब त्या आकड्यावर आहे. म्हणून म्हणतो आत्ताच गल्लीतल्या प्रत्येक झाडाची नोंद करून ठेवा. जात, छातीच्या उंचीला घेर, फोटो, कोणी जुन्या रहिवाशांना कधी लावलं ते आठवत असेल तर तेही लिहून सही घ्या.

काँक्रीटबद्दल, राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतालच्या १ मीटरच्या आतलं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. पत्रात त्याचा उल्लेख करा, उपयोग होतो.

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

@निंबोळी @नियमावली खूप खूप धन्यवाद, दोन्ही प्रतिसाद प्रिंट काढून ठेवते. झाडांच्या नोंदीचं काम नववीतल्या मुलांना देता येईल, सुट्टी लागतेच आहे.

रातराणी

एक शंका. तुमच्या मागे तळजईवर सगळी गिरिपुष्पच आहे ना, ग्लिरिसिडिया. बाहेरून आणलेली झाडं, रेन ट्री, गुलमोहर, सुबाभूळ, पिचकारी ही सगळी काढून देशी झाडं लावली पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. गुलमोहर मादागास्करचा, त्याचं लाकूड ठिसूळ, दर पावसाळ्यात फांद्या पडतात. पक्ष्यांनाही उपयोग नाही. कॅनॉपी (झाडांचं छत्र) वाढवायचीच आहे तर योग्य झाडांची वाढवा.

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

@रातराणी नवीन लावताना देशीच लावतोय, त्यात मतभेद नाही. पण उभं असलेलं, निरोगी झाड परदेशी आहे म्हणून तोडायला माझी तयारी नाही. आमच्या गल्लीत उरलेल्या सावलीतली निम्मी सावली अशाच झाडांची आहे आणि तिच्याखाली माणसं बसतात. आम्ही त्यांच्या जवळपास, त्यांच्या सावलीत देशी रोपं लावतोय, ती मोठी झाली आणि वरचं झाड थकलं की आपोआप बदल होईल. दोन्ही एकदम गमावलं तर मधल्या पंधरा वर्षांत इस्त्रीवाल्या दादांनी कुठे उभं राहायचं?

दादर_पश्चिम

मुंबईतून लिहितोय. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या रस्त्यावर जे पडलं त्यात देशी-परदेशी दोन्ही होतं. पडलेल्या झाडांची मुळं बघितली तर बऱ्याच ठिकाणी एक बाजू सरळ रेषेत कापलेली, केबल किंवा गटाराचं खोदकाम झालेलं. म्हणजे झाड एका बाजूने आधीच सोडवलेलं होतं. त्यामुळे मी म्हणेन की खोदकामाचं मशीन गल्लीत आलं की कोणीतरी बाहेर येऊन उभं राहिलं पाहिजे, तेवढ्यानेसुद्धा फरक पडतो. आमच्याकडे आता एक ग्रुप आहे, खड्डा सुरू झाला की फोटो पडतो आणि जो घरी असेल तो खाली उतरतो. भांडायचं नाही, ठेकेदाराच्या मुकादमाला सांगायचं की मुळाच्या खालून पाइप न्या, मूळ तोडू नका. बहुतेक वेळा ऐकतात हो. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

रेन ट्रीबद्दल, मुंबईत कितीतरी रेन ट्री मिलीबग नावाच्या किडीने वाळून गेले. एकाच जातीची रांगच्या रांग असेल तर कीड एका झाडावरून दुसऱ्यावर जाते आणि पूर्ण रस्ता उघडा पडतो. लावताना मिसळून लावा.

मिशिगनची मावशी

धागा फार आवडला, आणि वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसंच वाटलं. मी बरीच वर्षं डेट्रॉइटच्या जवळ राहते. इथे हे दोनदा घडलं. आधी या भागातल्या रस्त्यांवर सगळी एल्मची झाडं, दोन्ही बाजूंनी कमान व्हायची असं जुनी माणसं सांगतात. डच एल्म नावाच्या रोगाने ती गेली. १९५० ते १९८० या काळात रोग, रस्तेबांधणी आणि हेळसांड मिळून एकट्या डेट्रॉइट शहराने अंदाजे ५ लाख झाडं गमावली. मग एल्मच्या जागी कित्येक ठिकाणी ॲश लावली, पुन्हा एकाच जातीची रांग. २००२ मध्ये इथेच डेट्रॉइटजवळ एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगा सापडला, त्याच्या अळ्या सालीखाली पोखरतात, आणि बघता बघता ॲशही गेली. आमच्या कॉलनीत एका उन्हाळ्यात सगळ्या झाडांवर तोडायची खूण लागली होती, मी तेव्हा फिरायला जायचं बंद केलं, बघवत नव्हतं. इथले जाणकार म्हणतात एका जातीची १० टक्क्यांपेक्षा, एका प्रजातीगटाची २० टक्क्यांपेक्षा आणि एका कुळाची ३० टक्क्यांपेक्षा जास्त झाडं लावू नका. तुमच्या गल्लीपुरतं सांगायचं तर लागोपाठ तीन घरांपुढे एकच झाड नको.

पण मला जास्त सांगायचंय ते घरोघरी विचारण्याबद्दल. डेट्रॉइटमध्ये १९८९ पासून एक संस्था झाडं लावते, द ग्रीनिंग ऑफ डेट्रॉइट. त्यांचं काम मोठं आहे. पण २०११ ते २०१४ या काळात त्यांनी ७,४२५ घरांपुढे फुकट झाड लावून द्यायची तयारी दाखवली तेव्हा १,८०० लोकांनी आम्हाला झाड नको असं कळवलं, म्हणजे जवळजवळ चारातल्या एकाने. एका संशोधक बाईंनी या लोकांशी जाऊन बोलून अभ्यास केला. आधी सगळ्यांना वाटत होतं की लोकांना झाडांचं महत्त्व कळत नाही, त्यांचं प्रबोधन केलं पाहिजे. तसं नव्हतंच. लोकांना झाडांचे फायदे चांगले माहीत होते. पण जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये १९६७ च्या दंगलीनंतर मोठाली एल्म तोडली गेल्याची आठवण होती, आणि ती आमच्यावर नजर ठेवता यावी म्हणून तोडली असा लोकांचा समज होता. शिवाय शहराने लावलेली झाडं पुढे सांभाळली नाहीत, पाला आणि पडलेल्या फांद्या त्यांच्याच गळ्यात आल्या. आणि आता पुन्हा बाहेरून कोणीतरी येऊन कुठलं झाड, कुठे, हे ठरवून सांगत होतं. त्या अभ्यासानंतर संस्थेने लोकांना झाड निवडायला देणं, लावल्यावर पाठपुरावा करणं यावर भर दिला.

तुम्ही पाच-सहा जणींनी हे सुरुवातीलाच केलंत. खरंच मनापासून कौतुक.

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

@मिशिगनची मावशी काय सुंदर माहिती दिलीत. गुलमोहराच्या फांदीवाल्या काकांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. ते "बघू" म्हणालेत. आधी थेट "नाही" होतं.

नागपूरकर

आमच्याकडे नागपूरले उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. एकच सांगतो, तो उभा सरळसोट अशोक लावू नका जो बिल्डर लोक कंपाउंडच्या कडेने लावतात. खरा सीता अशोक वेगळा, हा नव्हे. तो वाढतो लवकर, दिसतो बरा, पण त्याच्या खाली माणूस उभा राहू शकत नाही. सावली पाहिजे तर आडवा पसरणारा निंब. आमच्या वस्तीत निंबाच्या खाली दुपारी बारा-एकलाही बायका पापड घालायला बसतात, रस्त्यावर पाय ठेववत नाही तेव्हा.

जुना_पेठकर

तुमच्याकडे जागा आहे म्हणून हे जमतं. आमच्या पेठेत फूटपाथच दीड फुटाचा. मियावाकी, म्हणजे दाटीने रोपं लावून छोटं जंगल, करायचा विचार चालू आहे एका मोकळ्या प्लॉटवर, एका स्क्वेअर मीटरमध्ये तीन-चार रोपं बसतात. तुम्ही तो का नाही केला?

निंबोळी

@जुना_पेठकर मियावाकी वाईट नाही, एखाद्या मोकळ्या कोपऱ्यात घनदाट झाडी हवी असेल, धूळ-आवाज अडवायचा असेल, पक्ष्यांना जागा द्यायची असेल तर जरूर करा. पण त्यातून रस्त्यावर सावली येत नाही. तिथे रोपं दाटीत उजेडासाठी सरळ वर जातात, पसरत नाहीत, आणि आत माणसाला फिरताही येत नाही. ताईंच्या गल्लीला हवंय ते पसरलेलं छत्र, म्हणजे झाडाला बाजूने मोकळीक हवी. पेठेत तुम्ही एक करू शकता. वाड्यांच्या आत, देवळांच्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला जी झाडं अजून आहेत ती रस्त्यावर सावली टाकतात, त्यांच्या मालकांशी बोला. झाड भिंतीच्या आत असलं तरी सावली भिंतीच्या बाहेर पडते, तेव्हा त्याच्या छाटणीचा खर्च रस्त्यावरच्या लोकांनी वाटून घ्यायला काय हरकत आहे.

तारांखालचं राहिलंच होतं. तिथे मोठं होणारं झाड लावलं की दरवर्षी तारवाले येऊन एका बाजूने सोलून जातात, मग झाडाचा सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो आणि ते त्या बाजूला कलतं. तारांखाली आपटा, कांचन, ताम्हण, पारिजातक. समोरच्या बाजूला, जिथे तारा नाहीत तिथे निंब, करंज, वावळ. ओढ्याकडे अर्जुन आणि करंज, दोघेही काठाची ओल सोसतात आणि माती धरतात. बहावा लावा एखादा पण ऐन उन्हाळ्यात तो पानं झाडून फुलतो, त्याच्याकडून दाट सावलीची अपेक्षा नको. जांभूळ गाड्या उभ्या असतात तिथे नको, जूनमध्ये त्यावरून भांडणं होतात.

छाटणी करावीच लागली तर फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, ते शाबूत ठेवून त्याच्या जरा बाहेर काप घ्या. तिथूनच झाड जखम भरून काढतं. खोडाला सपाट लावून कापलं तर जखम भरत नाही, आणि हातभर खुंट सोडला तर तो कुजत आत जातो. मोठी फांदी असेल तर आधी खालून थोडा काप, मग थोडं पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओढत नेते. माणूस बोलावलात तर काम सुरू करायच्या आधी त्याला हे दाखवा.

सोलापूरची

पाण्याचं मी सांगते, आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं तरी झाडं जगवली आहेत. रोज तांब्याभर पाणी वरून शिंपडू नका. त्याने मुळं वरच राहतात, आणि एक दिवस चुकला की झाड मान टाकतं. आठवड्यातून एकदा-दोनदा पण भरपूर, सावकाश, खाली मुरेल असं.

त्यासाठी मडकं. कच्च्या भाजणीचं, बिनरंगाचं साधं मडकं घ्यायचं, रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकणी ठेवायची म्हणजे डास होत नाहीत. मातीतून पाणी झिरपत राहतं आणि मुळं त्या दिशेला खाली जातात. झाकणी मात्र जड ठेवा, हलकी असली तर कुत्री पाडतात. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी भरायचं. दुसऱ्या वर्षी अजून एक मडकं, थोडं लांब.

दुसरं, प्रत्येक झाडाला दोन माणसं. एक गावाला गेलं तर दुसरं आहे. एप्रिल-मेमध्ये सगळे सुट्टीला जातात आणि झाडं नेमकी तेव्हाच मरतात.

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

@सोलापूरची मडक्यांची आयडिया एकदम पसंत. इस्त्रीवाल्या दादांना दाखवली तर म्हणाले आमच्या गावाकडे आंब्याला असंच करतात. दोन माणसांचं पण लगेच करतोय, शाळकरी पोरगा किंवा पोरगी एक आणि घरातलं मोठं माणूस एक अशी जोडी.

थोडं अपडेट. करंजाचं काँक्रीट काढून झालं. पत्र दिलं होतं, उद्यान विभागाचे साहेब स्वतः येऊन बघून गेले. काम एका रविवारी सकाळी गल्लीतल्याच लोकांनी केलं, आणि खाली बोटभर जाडीची मुळं काँक्रीटच्या खालच्या अंगाला चिकटून वर वर पसरलेली निघाली, हवा शोधत आली असणार. निंबोळींनी सांगितलं तसं पहारीने भोकं पाडून शेणखत भरलं. बुंध्यात जुने खिळे होते जाहिरातींच्या पाट्यांचे, ते काकांनी पक्कड घेऊन बसून काढले. तेच काका, गुलमोहराच्या फांदीवाले.

पाल्यासाठी ओढ्याकडच्या कोपऱ्यावर जाळीचा हौद केलाय. एकट्या राहणाऱ्या काकूंच्या फाटकातला पाला समोरच्या घरातली दोघं भावंडं रोज संध्याकाळी उचलतात. आणि पाला जाळायचा नाही हे सगळ्यांना सांगितलंय, उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांप्रमाणे बंदी आहे असं म्हटल्यावर एरवी ऐकत नव्हते तेही थांबले. तोच पाला कुजवून नव्या खड्ड्यांत जाणार.

मंडईवाला

मस्त! ट्रीगार्डचं काय केलंत? आमच्याकडे लोखंडी गार्ड झाडात रुतून बसलेत.

निंबोळी

@मंडईवाला गार्ड लावतानाच तो काढायचं वर्ष ठरवायचं. बुंधा मनगटाहून जाड झाला आणि गुरंढोरं-गाड्यांपासून भीती उरली नाही की काढा. रुतलेला असेल तर ओढू नका, ग्राइंडरने तुकडे करून जेवढा सुटेल तेवढाच काढा, आत गेलेला भाग राहू द्या. बांबूचा गार्ड सगळ्यात बरा, तो दोन-तीन वर्षांत आपोआप संपतो. रोप काठीला बांधताना नायलॉनची दोरी नको, सुती चिंधी, आणि इंग्रजी आठच्या आकाराचा सैल वेढा, म्हणजे खोड वाऱ्यात थोडं हलतं आणि मजबूत होतं.

रातराणी

@पर्वतीपायथा तुमचं मागचं उत्तर पटलं पूर्ण नाही, पण करंजाचं वाचून फार आनंद झाला. रोपं कुठून घेताय? माझ्याकडे वावळ आणि पुत्रंजीवची घरी केलेली रोपं आहेत, कमरेएवढी. पुत्रंजीव बारमाही हिरवा, मध्यम उंचीचा. देऊ का?

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

@रातराणी अहो नक्की द्या! बाकीची रोपं वनविभागाच्या रोपवाटिकेतून घेतोय, पण तिथे वावळ मिळाली नाही आम्हाला. दोन वावळी ओढ्याकडच्या मोठ्या जागेसाठी आणि पुत्रंजीव जितके देता येतील तितके. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

खड्डे आत्ता मे मध्येच करून ठेवतोय, तीन बाय तीन बाय तीन फूट, मुरूम लागला की तो बाहेर. आठ-दहा दिवस ऊन खाऊ देणार, मग माती, शेणखत, कुजलेला पाला आणि ओंजळभर निंबोळी पेंड. लावायचं मात्र ५ जूनला नाही. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाली की मगच, त्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर. ज्याच्या फाटकासमोर झाड तोच माती लोटणार.

दादर_पश्चिम

रिडेव्हलपमेंटला गेलेल्या प्लॉटचं काय? तिथे कोण राहत नाही तर विचारणार कोणाला.

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

@दादर_पश्चिम तिथे जुने रहिवासी भाड्याने आसपासच राहतात, त्यांनाच विचारतोय. परत येणार तेच आहेत. एका सोसायटीच्या लोकांनी बिल्डरकडून नकाशा मागवला तर पुढच्या बाजूची सगळी जमीन पार्किंगच्या स्लॅबखाली जाते आहे, म्हणजे वर माती दोन फूट, त्यात मोठं झाड होणारच नाही. त्यांनी आता सभेत मागणी ठेवली आहे की रस्त्याकडेची पाच-सहा फुटांची पट्टी स्लॅबशिवाय, थेट जमिनीपर्यंत मोकळी सोडा. करारावर सह्या व्हायच्या आहेत अजून. ज्यांच्या सोसायट्या या टप्प्यावर असतील त्यांनी हे आत्ताच मागून घ्या, स्लॅब पडल्यावर काही करता येत नाही.

नियमावली

@पर्वतीपायथा हे करारात कलम म्हणून घाला आणि नकाशावर ती पट्टी मोजमापासकट दाखवून घ्या, नुसतं सभेच्या इतिवृत्तात नको. मसुदा करताना अडलं तर व्यनि करा, बघून देतो.

सोलापूरची

आणि ताई, मडकी कुंभाराकडून आत्ताच सांगून ठेवा. माठांचा सीझन संपत आला की भट्टी बंद करतात.

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

@नियमावली उद्याच पाठवते. @सोलापूरची बरं झालं सांगितलंत, आज संध्याकाळी कुंभारवाड्यात जाऊन येते.